तटस्थतेची किंमत कोणी मोजली?

९ जून १९५६ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आयोवा स्टेट कॉलेजमधल्या भाषणात म्हणाले की, तटस्थता ही कल्पना कालबाह्य होत चालली आहे आणि अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर ती अनैतिक व अदूरदर्शी आहे. आपल्याकडे ते भाषण नेहरूंच्या अलिप्ततेवरचा वार म्हणून लक्षात राहिले. मला त्यात आणखी एक गोष्ट खटकते. डलेस ज्या देशाच्या वतीने बोलत होते, तो देश आपल्या दुबळ्या दिवसांत तटस्थ राहिला म्हणूनच तगला. १७९३ साली फिलाडेल्फियात जमलेल्या चार-पाच माणसांनी फ्रान्स आणि ब्रिटन यांच्या युद्धापासून दूर राहण्याचे ठरवले नसते, तर पुढच्या महासत्तेची गोष्ट कदाचित तिथेच संपली असती.

या इतिहासाचे दोन वापर मला सारखेच चुकीचे वाटतात. एका बाजूला त्याला एकांतवासाचे तत्त्वज्ञान बनवले जाते: वॉशिंग्टन म्हणाले होते ना, परक्यांच्या भानगडीत पडू नका! दुसऱ्या बाजूला त्याच काळातल्या तडजोडींना शरणागती म्हटले जाते. माझे म्हणणे असे की, पहिल्या वीस वर्षांत अमेरिकेने घेतलेले जे निर्णय लोकांना सर्वांत अपमानास्पद वाटले, तेच देशाला सर्वांत जास्त उपयोगी पडले. आणि मानापमानाच्या भरात उचललेली पावले महागात पडली. मात्र या शहाणपणाची किंमत ज्यांनी मोजली ते वाटाघाटींच्या टेबलावर कधीच बसलेले नव्हते. हे दुसरे वाक्य गाळून पहिल्याचे कौतुक करणे मला मान्य नाही.

तटस्थ राहणे तेव्हा किती अवघड होते, हे आधी पाहायला हवे. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि १ फेब्रुवारीला फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. बातमी अटलांटिक ओलांडून एप्रिलमध्ये पोहोचली तेव्हा अध्यक्ष वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला आपल्या घरी होते. ते लगोलग राजधानी फिलाडेल्फियाला परतले आणि १८ एप्रिलला त्यांनी मंत्र्यांपुढे तेरा लेखी प्रश्न ठेवले. तटस्थतेची घोषणा करावी का? फ्रान्सच्या नव्या वकिलाला, म्हणजे राजदूताला, भेटावे का? ज्या राजाशी तह केला त्याचेच मुंडके उडाल्यावर तो तह पाळण्याचे बंधन उरते का?

शेवटचा प्रश्न जिव्हारी लागणारा होता. १७७८ च्या मैत्रीच्या तहाशिवाय अमेरिका स्वतंत्र झालीच नसती. १७८१ साली यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रे ठेवली, कारण समुद्राची वाट द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने रोखली होती आणि जमिनीवर वॉशिंग्टन यांच्या शेजारी रोशांबोची फ्रेंच फौज उभी होती. त्या बदल्यात अमेरिकेने फ्रान्सच्या वेस्ट इंडिजमधल्या बेटांच्या रक्षणाची कायमची हमी दिली होती. फ्रान्सने १७९३ मध्ये ती हमी वटवायला काढली नाही, पण कागद जिवंत होता. शिवाय आता फ्रान्सही प्रजासत्ताक झाले होते. ज्याने आपल्याला उभे केले तो संकटात असताना आणि समोर आपला जुना मालक असताना हात आखडता घ्यायचा? रस्त्यावरच्या सामान्य अमेरिकन माणसाला हा कृतघ्नपणा वाटला, आणि त्याची भावना खोटी नव्हती.

तरीही २२ एप्रिलला घोषणा निघाली: दोन्ही पक्षांशी मैत्रीचे आणि निःपक्षपाती वर्तन ठेवू, आणि जो नागरिक युद्धात उडी घेईल त्याला सरकार पाठीशी घालणार नाही.

याच सुमारास फ्रान्सचा नवा वकील एदमाँ झने अमेरिकेत उतरला होता. तो थेट राजधानीत आला नाही. ८ एप्रिलला दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदरात उतरून, आपली अधिकारपत्रे अध्यक्षांना सादर करण्याआधीच, त्याने अमेरिकन जहाजांना ब्रिटिश व्यापारी जहाजे पकडण्याचे फ्रेंच परवाने वाटायला सुरुवात केली. वाटेत गावोगाव मेजवान्या झडल्या, तोफांच्या सलाम्या झाल्या. या स्वागतामुळे आपल्यामागे सारा देश आहे, अशी त्याची समजूत झाली.

मग लिटल सारा या जहाजाचे प्रकरण घडले. हे ब्रिटिश व्यापारी जहाज फ्रेंच युद्धनौकेने पकडून फिलाडेल्फियाच्या बंदरात आणले. तिथेच, अमेरिकेच्या राजधानीत, सरकारच्या डोळ्यांदेखत त्यावर जादा तोफा चढल्या, खलाशी भरती झाले आणि जहाजाला नवे फ्रेंच नाव मिळाले. जुलै १७९३ चा पहिला आठवडा. वॉशिंग्टन गावाबाहेर. राज्याच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन झनेला विनवले की जहाज सोडू नका, तर त्याने अध्यक्षांना डावलून थेट जनतेकडे दाद मागण्याची भाषा केली. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जेफरसन स्वतः त्याला भेटले. अर्थमंत्री हॅमिल्टन आणि युद्धमंत्री नॉक्स यांचे मत पडले की नदीतल्या बेटावर तोफा लावून जहाज अडवावे. जेफरसन म्हणाले, एका गोळ्यातून युद्ध पेटेल. या वादात जहाज निसटून समुद्रात गेले.

जेफरसन हे मंत्रिमंडळातले फ्रान्सचे सर्वांत मोठे मित्र. त्यांनी आपले राजकीय सहकारी मॅडिसन यांना त्याच दिवसांत लिहिलेल्या पत्रात या माणसाला डोके भडकलेला, नुसती कल्पनाशक्ती असलेला आणि विवेक नसलेला म्हटले आहे. ऑगस्टमध्ये झनेला परत बोलवा अशी मागणी फ्रान्सकडे करण्याचे ठरले आणि त्यावर जेफरसन यांचीही संमती होती. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सवर प्रेम करणारा मंत्री आणि फ्रान्सचा संशय घेणारा मंत्री एका मुद्द्यावर एकत्र आले: आमच्या बंदरात युद्ध कोणाशी करायचे हे परका वकील ठरवणार नाही. तटस्थतेचा गाभा हाच होता. पुढच्या वर्षी, जून १७९४ मध्ये, त्याचा कायदाही झाला. तोवर पॅरिसमध्ये सत्ता पालटली होती आणि परत गेला तर झनेचे डोके राहिले नसते. वॉशिंग्टन यांनी त्याला आश्रय दिला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या मुलीशी लग्न करून तो तिथेच शेती करत राहिला.

आता पैशाचे पाहू, कारण या सगळ्या चर्चेत तेच सर्वांत कमी बोलले जाते. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३९ लाख होती, त्यात सात लाखांच्या आसपास गुलाम. आरमार नव्हते, सहा युद्धनौका बांधण्याचा कायदाच मुळी मार्च १७९४ चा. सरकारचे उत्पन्न मुख्यतः आयात मालावरच्या जकातीतून येई आणि आयातीचा मोठा भाग ब्रिटनमधून. स्वातंत्र्ययुद्धाची कर्जे फेडण्याची हॅमिल्टन यांची सारी योजना याच जकातीवर उभी होती. म्हणजे ब्रिटनशी युद्ध झाले की पहिल्याच वर्षी तिजोरी रिकामी, कर्जाचे हप्ते बंद, आणि जेमतेम चार वर्षांच्या राज्यघटनेवरचा विश्वास धुळीला. हॅमिल्टन ब्रिटनधार्जिणे होते हा आरोप मला अर्धाच पटतो. ज्याच्या हातात हिशेबाची वही होती, त्याला बाकीच्यांना न दिसणारे दिसत होते.

ब्रिटननेही संयमाची परीक्षा पाहण्यात काही कसर ठेवली नाही. १७८३ च्या तहानुसार सोडायचे डेट्रॉइट, नायगारा, ऑस्वेगो हे किल्ले दहा वर्षे उलटली तरी त्यांच्याच ताब्यात. नोव्हेंबर १७९३ च्या एका हुकमाने तर त्यांनी फ्रेंच बेटांशी व्यापार करणारी अमेरिकन जहाजे धरायला सुरुवात केली. काही महिन्यांत अडीचशेच्या आसपास जहाजे गेली. देश युद्धासाठी पेटला होता. वॉशिंग्टन यांनी सरन्यायाधीश जॉन जे यांना लंडनला धाडले.

१९ नोव्हेंबर १७९४ रोजी सही झालेल्या जे-तहाइतका शिव्याशाप खाल्लेला दुसरा अमेरिकन करार मला माहीत नाही. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरून खलाशी ओढून नेत होते, त्याबद्दल तहात अवाक्षर नाही. वेस्ट इंडिजच्या व्यापाराला परवानगी मिळाली ती सत्तर टनांपर्यंतच्या होड्यांना, आणि त्यासाठी साखर, कापूस, कॉफी यांची अमेरिकन जहाजांतून निर्यात बंद करण्याची अट. ते बारावे कलम सिनेटनेच बाजूला काढले आणि उरलेला तह २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे लागणाऱ्या दोन-तृतीयांशाच्या नेमक्या काठावर, मंजूर केला. गावोगाव जे यांचे पुतळे जळले. न्यूयॉर्कमध्ये तहाची बाजू मांडायला उभ्या राहिलेल्या हॅमिल्टन यांच्यावर दगड आले. तहासाठीचा पैसा प्रतिनिधिगृहाने एप्रिल १७९६ मध्ये मंजूर केला तो ५१ विरुद्ध ४८ मतांनी.

मी या तहाच्या बाजूने आहे. सीमेवरचे किल्ले १७९६ मध्ये खरोखर रिकामे झाले. पकडलेल्या जहाजांची भरपाई संयुक्त आयोगाने ठरवली आणि अमेरिकन व्यापाऱ्यांना पुढे एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. तेराव्या कलमाने तर ब्रिटिशांच्या ताब्यातली हिंदुस्थानातली बंदरे अमेरिकन जहाजांना उघडली. १७९२ साली वॉशिंग्टन यांनी बेंजामिन जॉय यांना कलकत्त्याला वकील नेमले होते, पण कंपनी सरकारने त्यांना ती मान्यता दिली नाही, व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहू दिले. जे-तहानंतर हा व्यापार सवलतीवर न राहता हक्कावर आला, आणि सेलम, बॉस्टनची जहाजे आपल्याकडचे सुती कापड भरून नेऊ लागली. त्यातून न्यू इंग्लंडच्या बंदरांत भांडवल साठले.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. तहाची पहिली दहा कलमे कायमची होती; व्यापाराची कलमे बारा वर्षांपुरती. जे यांनी जे सोडले ते बहुतेक परत मिळवता येण्यासारखे होते. फौज आपली राहिली, तिजोरी आपली राहिली, उद्या कोणाशी तह करायचा हे ठरवण्याचा अधिकार आपला राहिला. याच ब्रिटिशांशी, याच फ्रेंच युद्धाच्या सावलीत, आठ वर्षांनी आपल्याकडे झालेला तह शेजारी ठेवून पाहावा. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून मार खाऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला सही केली. कंपनीची सहा हजारांची पायदळ फौज कायमची आपल्या राज्यात घेतली, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातला कोणी युरोपियन पदरी न ठेवण्याचे आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या सत्तेशी बोलणी न करण्याचे कबूल केले. बाजीरावाला गादी परत मिळाली. जे परत मिळवता येत नाही ते त्याने देऊन टाकले होते. करार लाजिरवाणा आहे की नाही हे त्या दिवशीच्या आरडाओरड्यावरून ठरवू नये. पुढचा निर्णय कोणाच्या हातात राहिला हे पाहावे. आजही एखाद्या व्यापारी करारावर किंवा शस्त्रखरेदीवर आपल्याकडे गदारोळ होतो तेव्हा हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आणि आता ती किंमत. ओहायो नदीच्या उत्तरेचा प्रदेश मायामी, शॉनी, लेनापी आणि इतर मूळ रहिवासी राष्ट्रांचा होता. नोव्हेंबर १७९१ मध्ये लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी अमेरिकन फौजेचा असा पराभव केला की सहाशेहून अधिक सैनिक एका सकाळी ठार झाले. त्यांचा भरवसा ब्रिटिश किल्ल्यांवर होता. २० ऑगस्ट १७९४ रोजी, जॉन जे लंडनमध्ये बोलणी करत असताना, फॉलन टिंबर्सला अमेरिकन जनरल वेन यांनी त्यांना हरवले. माघार घेत ते जवळच्या ब्रिटिश फोर्ट मायामीसपाशी आले, तर किल्ल्याचे दरवाजे बंद. आतल्या अधिकाऱ्याने ते उघडले नाहीत, कारण उघडले असते तर अमेरिकेशी युद्ध झाले असते. वर्षभराने ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्याकडून गेला. दोन सत्तांनी एकमेकींशी शांतता राखली आणि ती शांतता तिसऱ्याच्या जमिनीवर उभी राहिली. मी जे-तहाच्या बाजूने आहे असे वर म्हटले, ते हा बंद दरवाजा डोळ्यांआड करून नाही.

हैतीची कथा याहून कठोर आहे. वेस्ट इंडिजमधल्या या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव करून फ्रेंचांचे सैन्य हरवले, आणि ती वसाहत हातची जात असल्यामुळेच नेपोलियनला लुइझियानात, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पश्चिमेच्या फ्रेंच मुलखात, रस उरला नाही. १८०३ साली दीड कोटी डॉलरला तो मुलूख विकत घेऊन अमेरिकेचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. ज्यांच्या रक्तामुळे हे शक्य झाले त्या हैतीशी १८०६ मध्ये व्यापारबंदी, आणि देश म्हणून मान्यता थेट १८६२ साली. निःपक्षपाती वर्तनाचे तत्त्व गोऱ्या राष्ट्रांपुरतेच होते, हे स्पष्ट लिहायला हवे.

वॉशिंग्टन यांचा निरोपाचा संदेश १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. त्यात एकांतवास कुठेच नाही. व्यापार सर्वांशी वाढवा, राजकीय बांधिलकी शक्य तितकी कमी ठेवा, कायमच्या आघाड्या टाळा, पण असाधारण प्रसंगी तात्पुरत्या आघाडीवर विसंबायला हरकत नाही, असे त्यात आहे. गुंतवून टाकणाऱ्या आघाड्यांबद्दलचे जे वाक्य लोक त्यांच्या नावावर खपवतात ते जेफरसन यांच्या १८०१ च्या भाषणातले आहे. माझ्या मते त्या संदेशातला सर्वांत मोलाचा विचार दुसराच आहे: जे राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राबद्दल सवयीचा द्वेष किंवा सवयीचे प्रेम बाळगते ते काही अंशी गुलामच असते. प्रेमही तिथे द्वेषाच्याच रांगेत बसवले आहे. आपल्याकडे शत्रूद्वेष राजकारणात कसा वापरला जातो यावर बोलले जाते. एखाद्या देशावरच्या, एखाद्या नेत्यावरच्या आंधळ्या जिव्हाळ्याची किंमत मात्र कोणी मांडत नाही.

हे सर्वांत चांगले समजले वॉशिंग्टन यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना. जे-तहाने चिडलेल्या फ्रान्सने तीनशेहून अधिक अमेरिकन जहाजे पकडली. बोलणी करायला गेलेल्या वकिलांकडे परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी अडीच लाख डॉलरची लाच मागितली. १७९८ मध्ये हे जाहीर झाले आणि देश फ्रान्सविरुद्ध उसळला. ‘संरक्षणाला लाखो, खंडणीला छदामही नाही’ ही घोषणा तेव्हाची. त्याच काळात उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सच्या सुलतानी सत्तेला अमेरिका खंडणी भरत होती, कारण तिथे लढण्याची ताकद अजून आली नव्हती. फ्रान्सशी समुद्रावर अघोषित लढाई सुरू झाली. अ‍ॅडम्स यांनी युद्ध पुकारले असते तर लोकप्रियता पायाशी लोळण घेत आली असती आणि त्यांच्याच पक्षातला हॅमिल्टन गट नव्या फौजेसह तयारच होता. फेब्रुवारी १७९९ मध्ये, मंत्र्यांना न विचारता, त्यांनी शांततेसाठी नवा वकील नेमला. पक्ष फुटला. ३० सप्टेंबर १८०० च्या कराराने लढाई थांबली आणि १७७८ ची जुनी हमीही रद्द झाली. अ‍ॅडम्स निवडणूक हरले. म्हातारपणी त्यांनी लिहिले की, १८०० साली फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी स्वतःवर घेणारा माणूस एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे. त्यांनीच १७९८ मध्ये सरकारवर टीका करणाऱ्या संपादकांना तुरुंगात टाकणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि त्याला मी माफ करू शकत नाही. युद्धज्वराचा पहिला बळी घरचे स्वातंत्र्य असते, याचाही तो दाखला आहे.

पुढचे अध्यक्ष जेफरसन यांच्या कारकिर्दीत चित्र पालटले. खर्च वाचवण्यासाठी आरमार छाटले गेले आणि तटस्थतेचा हक्क मात्र पूर्ण हवा होता. जून १८०७ मध्ये ब्रिटिश युद्धनौका लेपर्डने व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन युद्धनौका चेसापीकवर तोफा डागून खलाशी नेले. उत्तर म्हणून २२ डिसेंबरला कायदा आला की कोणतेही अमेरिकन जहाज परदेशी जाणार नाही. ब्रिटन उपाशी मरून वठणीवर येईल ही अपेक्षा होती. निर्यात एका वर्षात १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर आली, बंदरे ओस पडली, शँप्लेन सरोवरावरून कॅनडात चोरटा माल जाऊ लागला आणि आपल्याच नागरिकांवर सैन्य घालावे लागले. पंधरा महिन्यांत कायदा मागे घेतला. ब्रिटनला फारशी झळ लागली नाही. ज्या देशाकडे दुसऱ्याला रोखण्याची ताकद नाही त्याने केलेला बहिष्कार आधी स्वतःवरच उलटतो.

१८१२ साली अध्यक्ष मॅडिसन यांच्या काळातल्या काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) अपमान सहन होत नाही म्हणून युद्ध पुकारले. सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मते. घोषणा १८ जूनची. वादाच्या मुळाशी असलेले व्यापारावरचे हुकूम ब्रिटनने २३ जूनला रद्द केले, पण बातमीला समुद्र ओलांडायला आठवडे लागत. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी राजधानी जाळली. डिसेंबरमध्ये आजच्या बेल्जियममधल्या गेंट इथे तह झाला तेव्हा सीमा होत्या तिथेच राहिल्या, आणि खलाशी ओढून नेण्याबद्दल त्या कागदावरही एक शब्द नव्हता. ज्या उणिवेसाठी जे यांचे पुतळे जाळले, ती अडीच वर्षांच्या युद्धानेही भरून निघाली नाही. फरक इतकाच की मधल्या काळात लोकसंख्या ३९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली होती आणि देश ही चूक पचवू शकला. १७९४ मध्ये तो पचवू शकला नसता.

गेंटला ब्रिटिशांनी सुरुवातीला मागणी केली होती की कॅनडाच्या सीमेवरच्या मोठ्या सरोवरांच्या दक्षिणेला मूळ रहिवाशांसाठी वेगळा प्रदेश राखावा. बोलणी लांबली तशी ती सोडून दिली. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेला शॉनी नेता टेकम्से आदल्या वर्षीच ऑक्टोबरमध्ये मारला गेला होता. तहाच्या नवव्या कलमात, १८११ साली या राष्ट्रांकडे जे हक्क आणि जमिनी होत्या त्या परत देण्याचे वचन आहे. अमेरिकेने ते पाळले नाही, आणि ब्रिटनने पाळायला लावले नाही.